दुपारचा प्रयोग

8 ऑगस्ट 2024. चातुर्मास चालू होता. दिवस असतानाच जेवणं उरकलेली, ओटा पुसून झालेला, आणि मी स्वाध्यायाचं पुस्तक घेऊन बसलेली. रात्री दहाच्या सुमाराला कोल्हापूरहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, आपलं केशवराव जळतंय. गच्चीवरनं दिसायलंय."

केशवराव म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. आमच्या भागात त्याचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. घरातल्या माणसाला हाक मारावी तसं 'केशवराव' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, खुद्द केशवरावांची जयंती होती. तिच्या आदल्या रात्रीच आग लागली.

मी टीव्ही लावला. ज्वाळा दिसल्या, छप्पर खाली आलेलं दिसलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं तसं आमचे हे म्हणाले, "वाईटच झालं. पण एक सांग, आपलं काय गेलं त्यात? आपण निपाणीचे. तू गेलीस तरी किती वेळा तिथं?"

टोमणा नव्हता तो. माणूस सरळ आहे, प्रश्नही सरळच होता. रात्री झोप येईना म्हणून मी मोजलं. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या आयुष्यात मी त्या नाट्यगृहात अकरा वेळा गेले. त्यातल्या चार वेळा लग्नाआधी.

अकरा वेळा पाहिलेल्या वास्तूसाठी रडावं, इतकी ती आपली होती का? आणि आपली असेल तर अकराच वेळा का? आगीनंतर वर्तमानपत्रांत पुष्कळ आलं. कोणत्या नटानं तिथं पहिलं पाऊल टाकलं, कोणाचं गाणं रंगलं, पडदा कसा होता. सगळं रंगमंचावरच्या माणसांचं. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचं कुणी लिहिलं नाही, आणि खुर्चीपर्यंत पोचताच न आलेल्या बाईचं तर नाहीच. मला तिच्या बाजूनं लिहायचंय.

आधी वास्तूविषयी थोडं. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले होते. तिथून आल्यावर रोममधल्या जुन्या आखाड्यासारखं काही आपल्याकडे असावं असं त्यांच्या मनानं घेतलं, असं सांगतात. आधी कुस्तीचं खासबाग मैदान झालं आणि त्याला लागूनच 1915 च्या ऑक्टोबरमध्ये पॅलेस थिएटर उघडलं. तालीम आणि नाटक एका भिंतीला. पैलवानाचा शड्डू एका अंगाला आणि नांदी दुसऱ्या अंगाला. हे मला फार कोल्हापुरी वाटतं. मधे खांब नाहीत, त्यामुळे कुठूनही रंगमंच दिसे, आणि मागच्या रांगेतही आवाज नीट पोचे. 1957 साली त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं.

आता 'आपण निपाणीचे' या मुद्द्याकडे येते. आमचं गाव कर्नाटकात, आणि मी बी. ए. झाले ते देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. रोज वही छातीशी धरून आम्ही राज्य ओलांडत होतो आणि दुपारी जेवायला परत येत होतो. त्यामुळे रंगभूमी नकाशावर कुठं बसते हे मला कधी नीट कळलं नाही. केशवराव कोल्हापूरचे खरे, पण त्यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली ती 1908 साली हुबळीत. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्याच्याही मागं गेलात तर सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. मराठी नाटकाची नाळ कानडी मुलखात पुरलेली आहे. सीमेवर जरा खुट्ट झालं की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात, पण ही नाळ काही उकरून वेगळी करता येत नाही. तेव्हा केशवराव कागदोपत्री कोल्हापूरचं असलं तरी ते चाळीस किलोमीटरवरच्या आमचंही होतं. आमच्या यांना मी पहिलं उत्तर हेच दिलं. पण तेवढ्यानं माझंच समाधान झालं नाही. मुलूख आपला असला म्हणून घर आपलं होतं असं नाही. आत जाता यावं लागतं.

मी आत पहिल्यांदा गेले ती आत्यामुळे. 1983 चा मे महिना, मी तेरा वर्षांची. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. सुटीत मी आत्याकडे कोल्हापूरला राहायला गेले होते. आत्या विधवा, अठ्ठेचाळीस-पन्नासची, दोन वेळा बस्तीत जाणारी, अष्टमी-चतुर्दशीला उपास करणारी. तिनं कधी नाटक पाहिलं असेल असं मला वाटलंही नव्हतं. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी आग्रह केला. 'शारदा' आहे आणि दुपारचा प्रयोग आहे.

'शारदा' आहे याचं आत्याला काही वाटलं नाही. दुपारचा आहे, याचं वाटलं. रात्री साडेनऊचा असता तर ती गेली नसती. एकटी बाई रात्री बाहेर कशी पडणार, घरी कोण सोडणार, दीर काय म्हणतील. पण साडेचार वाजता? साडेचारला बाई कुठंही जाऊ शकते. बाजाराला, बस्तीला, दवाखान्याला. त्याच वाटेनं तिनं मला नाटकाला नेलं.

तिची एकच काळजी होती, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं. तिनं चपाती, मुगाची उसळ आणि कैरीचा तक्कू असा डबा बांधून घेतला. दुसरा अंक संपला तशी ती उठली, दाराशी जाऊन आभाळाकडे पाहून आली आणि म्हणाली, "हाय अजून उजेड. चल." आवारात एका कडेला बसून आम्ही जेवलो. आजूबाजूला लोक बटाटेवडे खात होते. शेवटची गुळणी करून आत्यानं हात जोडले आणि आम्ही पुन्हा आत गेलो. नाटक आणि नेम यांत तिला काही भांडण दिसलं नाही. तिच्यापुरतं ते मध्यंतरानं मिटवलं होतं.

गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक 1899 सालचं. पैशाच्या लोभापायी कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणारा बाप, आणि ती शारदा. योगायोग पाहा, आमची दक्षिण महाराष्ट्र जैन सभाही 1899 साली स्तवनिधीच्या डोंगरात स्थापन झाली. त्या काळच्या सुधारकांना जे बोचत होतं तेच देवलांना बोचत होतं. आणि ज्यांचं नाव पुढं या नाट्यगृहाला मिळालं त्या केशवरावांनी कोवळ्या वयात नाव कमावलं तेही शारदेच्याच भूमिकेत. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की शेजारच्या खुर्चीत आत्या अगदी ताठ बसली आहे आणि पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं आहे.

आत्याला पंधराव्या वर्षी अडतीस वर्षांच्या बिजवराला दिली होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शेतीवाडी होती, घराणं चांगलं होतं, एवढंच बोललं जाई.

घरी परत येताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गोत्र एक निघालं म्हणून सुटली बघ ती. आमच्यात कुठलं गोत्र आडवं यायला."

आणि थोड्या वेळानं, "बाप तेवढा हसरा दाखवला त्यांनी. खरा बाप असा हसवत न्हाई."

मी पुढं बी. ए.ला मराठी घेतलं, 'शारदा'वर प्रश्नोत्तरं लिहिली, समीक्षा वाचल्या. आत्याच्या त्या दोन वाक्यांइतकं नेमकं मला कुठं सापडलं नाही. शारदेचं 'नको' नाटकात पुरेसं ठरत नाही. लग्न मोडतं ते वधूवर सगोत्र आहेत हे उघड होतं तेव्हा. म्हणजे मुलीच्या रडण्यानं जे झालं नाही ते शास्त्राच्या अडचणीनं झालं. सुधारणेचं म्हणून गाजलेल्या या नाटकाची ही कच्ची बाजू आहे, आणि ती सातवी शिकलेल्या एका बाईनं पहिल्याच प्रयोगात ओळखली. दुसरं वाक्य अभिनयावरचं. लोभी बापाला विनोदी केलं की प्रेक्षकाला सोपं जातं, पण मुलीवरचा घाव हलका होतो. हेही खरं.

आत्या हे बोलू शकली कारण ती तिकीट काढून खुर्चीत बसली होती. नाट्यगृहाचं समाजातलं काम काय, असं कुणी मला विचारलं तर मी हे सांगेन. मनोरंजन आहे, संस्कृतीचं जतन आहे, कलावंतांना व्यासपीठ आहे, सगळं आहे. पण बाईच्या बाजूनं पाहिलं तर नाट्यगृह तिला अशी जागा देतं जिथं तिच्या घरातली झाकलेली गोष्ट दुसऱ्याच्या नावानं उघड्यावर मांडली जाते, आणि ती कशी मांडली याबद्दल तिला मत असू शकतं.

यावर आमच्यातल्या काही जणी म्हणतील, नाट्यगृह कशाला, आपल्याकडे पंचकल्याणक आहे की. खरंच आहे. पंचकल्याणक पूजा हे मोठं नाटकच आहे. पाच दिवस मांडव, तीर्थंकरांच्या मातेला पडणारी सोळा स्वप्नं, अष्टकुमारिका, पाळणा, राज्याभिषेक, दीक्षा. त्या मांडवात आमच्या मुली पहिल्यांदा पायांत घुंगरू बांधतात. मीही बांधले होते. तिकीट नाही, मज्जाव नाही, उलट बायकांना पुढं बसायला जागा. मांडवाचं हे मोठेपण मी मानते. जिथं रात्री साडेनऊच्या खेळाला बाई जाऊ शकत नव्हती तिथं मांडवानं तिला प्रेक्षकही केलं आणि कलावंतही केलं.

पण दोन गोष्टी मांडवात होत नाहीत. इंद्र कोण होणार, इंद्राणी कोण, मातापिता कोण, हे सवाल लावून ठरतं. ज्याची बोली मोठी त्याच्या डोक्यावर मुकुट. इंद्राला दोन वाक्यं धड बोलता येतात की नाही हे कुणी बघत नाही. पैसा धर्मकार्याला जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला कलेची पारख म्हणता येत नाही. आणि दुसरं, मांडवात काहीही झालं तरी जयजयकारच करायचा असतो. नाच फसला, संवाद विसरला, तरी "बोलो भगवान की जय". तिथं आपण भक्त असतो, प्रेक्षक नसतो. "बाप तेवढा हसरा दाखवला" असं मांडवात म्हणता येत नाही. टाळी न वाजवण्याचा हक्क नाट्यगृहात मिळतो. आपल्या बायकांना तो हक्क दुसरीकडे फारसा मिळालेला नाही. स्वयंपाकाला इतरांनी नावं ठेवायची, आणि आपण कशाला ठेवायची?

म्हणून नाट्यगृह हवं. पण नाट्यगृहानं तरी बायकांना सहज जागा दिली का? हिशेब मांडला तर तोही फार बरा नाही. 1915 साली पॅलेस थिएटर उघडलं तेव्हा संगीत नाटकांतल्या गाजलेल्या शारदा, सुभद्रा, भामिनी सगळ्या पुरुषच होते. 8 जुलै 1921 ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव यांचं 'संयुक्त मानापमान' झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला तो प्रयोग आजही लोक हात जोडून आठवतात. त्यातही केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. स्त्रीभूमिका स्त्रीनं करायची ही गोष्ट प्रतिष्ठित रंगभूमीवर ठसायला 1933 चं 'आंधळ्यांची शाळा' यावं लागलं. त्याआधी स्त्रियांच्या स्वतःच्या नाटक मंडळ्या नव्हत्या असं नाही. आमच्या बेळगावच्या नावाचीही एक होती. पण घरंदाज म्हणवणाऱ्या प्रेक्षकांनी त्यांना बरोबरीनं मानलं नाही.

एक गोष्ट मात्र केशवरावांच्या बाजूनं नोंदवायला हवी, कारण ती फार कमी सांगितली जाते. हिराबाई पेडणेकर या मराठीतल्या आद्य स्त्री नाटककारांपैकी एक. कलावंतांच्या घरात जन्मलेली बाई, म्हणजे त्या काळाच्या हिशेबानं ज्यांच्या गाण्याला मान आणि घराला टाळणं. त्यांचं 'संगीत दामिनी' हे नाटक रंगभूमीवर आणलं ते केशवरावांच्या ललितकलादर्शनं. बाईनं लिहिलेलं नाटक एका नामांकित मंडळीनं करावं, हे आज वाटतं तेवढं साधं नव्हतं. पुढं याच मंडळीनं मामा वरेरकरांचं हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप' केलं. म्हणून या वास्तूला केशवरावांचं नाव आहे याचं मला एक बाई म्हणून बरं वाटतं. नाट्यगृहाला नुसत्या मोठ्या गायकाचं नाव असण्यापेक्षा, दार थोडं उघडणाऱ्या माणसाचं नाव असणं चांगलं.

आता ते पुन्हा उभं राहतंय. आगीनंतर लगेच ठरलं की पूर्वी होतं तसंच बांधायचं, आणि काम सुरूही झालं. 'जसंच्या तसं' हे शब्द मी अनेकदा वाचले आणि प्रत्येक वेळी मला नीलांजना आठवली.

तुम्हां सगळ्यांना ती गोष्ट माहीत आहे, तरी सांगते. जिनसेनांच्या आदिपुराणात आहे आणि दहाव्या शतकात पंपानं ती कन्नडमध्येही आणली. ऋषभदेवांच्या दरबारात नीलांजना नाचत असते. नाचता नाचता तिचं आयुष्य संपतं. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र त्याच क्षणी तिच्या जागी हुबेहूब तशीच दुसरी नर्तकी उभी करतो. तेच रूप, तोच पोशाख, तोच ताल. सभेला कळतही नाही. सभा डोलत राहते. ऋषभदेवांना तेवढं कळतं, आणि तिथून त्यांचं वैराग्य सुरू होतं.

व्याख्यानात ही गोष्ट संसार क्षणभंगुर आहे हे सांगायला वापरतात, आणि ते बरोबरच आहे. पण नाटक बघणारी बाई म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या भरल्या सभेत खरा प्रेक्षक एकच होता. बाकीच्यांचं लक्ष रूपावर होतं आणि त्याचं नाचणारीवर. आणि आपल्या धर्मातला एवढा मोठा प्रसंग घडला तो तपोवनात नाही, नाचाच्या बैठकीत. तेव्हा नाटक बघणं म्हणजे धर्माला सोडणं असं कुणी मला सांगू नये.

केशवरावचंही तेच भय वाटतं. तोच दगड, तीच कमान, तोच पडदा बांधून होईल. फार सुंदर होईल. आपण डोलू. पण आत कोण बसत होतं आणि कोण बसू शकत नव्हतं, हे कुणाच्या लक्षात येईल का? जुनं होतं तसंच करायचं, तर आत्याला दुपारचा प्रयोग योगायोगानं मिळाला होता, तो योगायोगही तसाच ठेवायचा का?

माझी मागणी दगडांबद्दल नाही. ते ज्यांना कळतं ते करतील. माझ्या मागण्या घरगुती आहेत, वाचून कुणी हसेलही. महिन्यातला एक तरी रविवार दुपारी तीनचा प्रयोग ठरलेला असावा, म्हणजे गावागावातल्या बायकांना आधी कळेल आणि घरचं आवरून निघता येईल. दिवस असताना घरी पोचता येईल, किंवा निदान मध्यंतरात शिदोरी उघडता येईल. शिदोरी खायला एक सावलीचा कट्टा असावा. प्रयोग सुटल्यावर कागल, निपाणी, गडहिंग्लज, इचलकरंजीकडे जाणारी एखादी गाडी असावी. हौशी महिला मंडळांना परवडेल असं भाडं असावं.

आणि बायकांसाठी पुरेशी प्रसाधनगृहं. आमच्या भागातल्या एका सभागृहात, नाव कशाला घेऊ, मी एका गाजलेल्या नाटकाचा तिसरा अंक रांगेत उभी राहून ऐकला आहे. ऐकलाच, पाहिला नाही. पुरुष चहा पिऊन आत जाऊन बसले, तिसरी घंटा झाली आणि आम्ही वीस-पंचवीस जणी दोन दारांसमोर उभ्या. आतून हशा ऐकू येई आणि आम्ही एकमेकींकडे बघून उगाच हसायचो. नाट्यसमीक्षेत ही गोष्ट कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. पण आलेल्या अर्ध्या प्रेक्षकांचा शेवटचा अंक जिथं बुडतो त्या जागेला चांगलं नाट्यगृह म्हणायचं कसं?

हे सगळं दुसऱ्यांना सांगून झालं. आता आपल्याविषयी.

आमच्या बस्तीशेजारी समाजाचं नवं सभागृह बांधायचं निघालं तेव्हा नकाशा दाखवायला महिला मंडळाला बोलावलं होतं. भोजनगृह प्रशस्त, स्वयंपाकघर प्रशस्त, पाहुण्यांच्या खोल्या, गाड्या लावायला जागा. मी विचारलं, "एका टोकाला दोन फूट उंचीचा पक्का कट्टा आणि पडद्याला आडवी दांडी घालता येईल का?" एक ज्येष्ठ म्हणाले, "बाई, बस्तीत नाटकं कसली करताय?" मी म्हटलं, "अण्णा, पंचकल्याणकाला दर वेळी फळ्यांचा मंच भाड्यानं आणतोच की आपण. नीलांजना काय जमिनीवर नाचवायची?" ते हसले. कट्टा झाला. आमच्या लग्नांत त्यावर आता वधूवरांच्या खुर्च्या असतात. वर्षातले बहुतेक दिवस तेवढंच.

चूक आमचीच. आम्ही कट्टा मागितला आणि त्यावर काय करायचं हे ठरवलं नाही. स्वयंपाकघराचं कसं वापरायचं ते आम्हांला पाठ आहे. केशवराव जळलं तेव्हा मला रडू आलं त्यात ही लाजही होती. दुसऱ्याच्या गावातली एक वास्तू गेल्यावर डोळ्यांत पाणी आणायचं, आणि आपल्या गावातली दोन फुटांची जागा हारतुऱ्यांना देऊन मोकळं व्हायचं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही नऊ जणींनी एका रविवारी दुपारी तीन वाजता त्या कट्ट्यावर सतरंजी टाकली आणि 'शारदा' वाचलं. पाठांतर नाही, पोशाख नाही. चष्मे लावून, हातात पुस्तकं धरून, नुसतं वाचन. मी म्हाताऱ्या भुजंगनाथाचं वाचलं. पदं एकीलाच येत होती, तिनं जमतील तेवढी म्हटली. समोर तीस-चाळीस बायका आणि कडेला चार पुरुष. आमचे हे त्यांतले एक.

पाच वाजता आटोपलं. चहा झाला. बायका उठायला लागल्या, पण जाईनात. एकजण म्हणाली, बापाचं वाचणारीनं फार ओढून वाचलं. दुसरी म्हणाली, असला बाप मला माहीत आहे, तो असंच ओढून बोलतो. तिसरी काही बोललीच नाही. पिशवी उचलून, कुणाकडे न बघता ती सरळ दाराकडे गेली, आणि मला माझी आत्या आठवली. आत्या आता नाही.

घरी येताना यांनी विचारलं, "पुढच्या वेळी काय वाचणार?"

'दामिनी'ची प्रत कुठं मिळते का ते मी शोधते आहे.